गार्डाचा डबा

आमच्या घरात माणसं तीन आणि भाषा दोन. मराठी तिघांची होती. दुसरी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ती त्यांनी स्वतः जुळवली होती, आणि ती बोलणारी माणसं अख्ख्या जगात दोनच होती, ते आणि मी. आई तिला माकडबोलणं म्हणायची. ‘‘झालं का बापलेकीचं माकडबोलणं? भाकर गार व्हायली,’’ असं म्हणत ती परात आपटायची आणि आम्ही हसत ताटावर बसायचो. सणसवाडीला सात खोल्यांच्या चाळीत आमची शेवटची खोली होती. वर पत्रा, पुढं सगळ्यांत मिळून एक नळ, मागं बाजरीचं रान आणि रानापलीकडं कंपन्या. आमचं घड्याळ भोंग्यावर चालायचं. पहिल्या पाळीच्या भोंग्याला आईचा स्टोव्ह पेटायचा, दुसऱ्या पाळीच्या भोंग्याला माझी शाळा सुटायची, आणि दिवसभर रानावरून प्रेसचा आवाज यायचा, धप्प, धप्प, धप्प. पाहुणे विचारायचे, हे काय वाजतंय? आम्हाला जरा थांबून ऐकावं लागायचं, तेव्हा कुठं लक्षात यायचं की हो, वाजतंय खरं.

त्यातली एक धप्प आप्पांची होती. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका कंपनीत ते प्रेसवर होते. त्या मशीनला दोन बटणं असतात, डाव्या हाताचं एक आणि उजव्या हाताचं एक, आणि दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. दोन्ही हात बटणांवर अडकलेले असले की प्रेसखाली जाणार कसे, असा त्यामागचा साधा विचार. पण त्यात वेळ जातो. म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक बटण दाबलेल्या अवस्थेत बांधून टाकायचं, म्हणजे एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो आणि पाळीत दीडपट माल निघतो. ही पट्टी सगळ्यांच्या खिशात असायची आणि ती कुणाचीच नसायची. एकदा आप्पांच्या खात्यातल्या एका माणसाचा अंगठा गेला, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली, ‘सुरक्षा बटण बांधलेले आढळले.’ आप्पा त्या दिवशी घरी आले ते चप्पल न काढताच उंबऱ्यात बसले. ‘‘आढळलं म्हणं,’’ ते आईला म्हणाले, ‘‘रानात मुळा आढळावा तसं आढळलं! बांधलं कुणी? कुणाच्या सांगण्यावरनं? बघितलं कुणी? त्या एका वळीत माणूसच न्हाई.’’ आई म्हणाली, ‘‘हातपाय धुवा.’’ मला वाटतं, ती भाषा त्या उंबऱ्यावर सुरू झाली.

आप्पा दहावी नापास होते, पण नापास माणसाला शब्दांचं वेड नसतं असं कुणी सांगितलं? दर रविवारी आम्ही विहारात वंदनेला जायचो. एका रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी तिथल्या बौद्धाचार्यांना गाठलं आणि विचारलं, ‘‘गच्छामि म्हंजी जातो. मग त्यात ‘मी’ कुठं हाय?’’ ते म्हणाले, शेवटी बसलाय की, ‘मि’. तू जातोस असेल तर गच्छसि, तो जातो तर गच्छति. आप्पांना गुप्तधन सापडल्यासारखं झालं. परत येताना रस्ताभर ते पुटपुटत होते, मि, सि, ति. मला म्हणाले, ‘‘सुजा, बघ, क्रियापदाच्या पोटातच माणूस बसवलाय. त्याला खाली उतरवताच येत न्हाई.’’ मी तेव्हा सातवीत होते आणि मला त्यात काय एवढं, असं वाटलं होतं.

उरलेलं काम दौंडला झालं. माझा मामा तिथं रेल्वेत शंटिंगला होता. सुट्टीत आम्ही त्याच्याकडं जायचो, आणि संध्याकाळी आप्पा आणि मी यार्डाच्या कुंपणाशी उभे राहून डबे जोडताना बघायचो. इंजिन हळूच मागं यायचं, खण्ण वाजायचं, एक डबा लागायचा. मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यात शेवटी गार्डाचा डबा. तो लागल्याशिवाय मालगाडी हलायची नाही. आप्पांनी मामाला खोदून खोदून विचारलं, बाकी सगळं तयार असेल तर? मामा म्हणाला, ‘‘दाजी, साऱ्या गाडीत सोनं भरलेलं असू द्या. मागं गार्ड न्हाई तर गाडी न्हाई.’’ नगरकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन तेव्हा दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि आलेली गाडी उलट्या तोंडानं निघायची. आप्पांनी तेही डोक्यात ठेवलं. सणसवाडीला परत आल्यावर त्यांनी शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर मालगाडीचं चित्र काढलं.

भाषा अशी होती. सबंध वाक्य म्हणजे एकच शब्द. पुढं इंजिन, म्हणजे काय केलं ते. त्याला लागून, कशाचं केलं. मग कुणी केलं: मि, सि, ति किंवा त्या माणसाचं नाव. मग कुणाच्या हुकमावरून: ‘हु’ला जोडून हुकूम देणारा, किंवा आपणहून केलं असेल तर ‘आप’. आणि सर्वांत शेवटी गार्डाचा डबा, म्हणजे हे तुम्हाला कसं माहीत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर ‘डो’, कानांवर आलं असेल तर ‘का’, आणि नुसतं मनात असेल तर ‘मन’. आईनं आपणहून चहा केला आणि मी तो पाहिला, एवढं सगळं म्हणजे ‘रट-चा-आई-आप-डो’. बोलताना अर्थातच एका दमात, रटचाआईआपडो. नाही म्हणायला वेगळा डबा नव्हता. इंजिन मागं लावायचं आणि सगळी गाडी उलटी म्हणायची, की झालं ‘नाही’. प्रश्नाची युक्ती मला सर्वांत आवडायची. गार्डाचा डबा न लावता शब्द सोडून द्यायचा आणि समोरच्याकडं बघत राहायचं. समोरच्यानं तो डबा लावला की उत्तर झालं. ‘पिप-चा-सि-आप’ म्हणून आप्पा थांबायचे, म्हणजे चहा पिणार का. मी म्हणायचे, ‘मन’. की तेच उठून चहाचं भांडं ठेवायचे.

आप्पांचा विचार होता की सगळ्या चाळीनं ही भाषा शिकावी. सुरुवात त्यांनी रामाशीषपासून केली. हा बिहारचा, आप्पांच्या शेजारच्या प्रेसवरचा, आमच्या दोन खोल्या अलीकडं राहायचा. त्यानं चहाचा शब्द शिकून घेतला आणि बाकीचं ऐकून हात जोडले. ‘‘भैया, ई शब्द है कि नगर रोड? खतम ही नहीं होता!’’ मग आप्पांनी नाद सोडला, आणि मी एकटीच विद्यार्थिनी उरले. एकदा माझ्या हातून आईचा चिनी मातीचा कप फुटला. मराठीत एक शब्द पुरला असता, ‘फुटला’. सगळी पोरं तेवढंच म्हणतात आणि कप बिचारा स्वतःच फुटतो. पण आप्पांनी त्या भाषेत विचारलं, आणि मला जोडत जोडत शेवटापर्यंत जावं लागलं: टख-कप-मि-आप-डो. फोडला, कप, मी, आपणहून, डोळ्यांदेखत. आईनं धपाटा घालायला हात उचलला होता. आप्पा तिला म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे. तिनं पुरी गाडी आणलीय ठेसनात.’’ त्या दिवसापासून त्यांनी त्या भाषेत मी सांगितलेलं कधी तपासून पाहिलं नाही. शाळेचे मार्क असोत की दुकानातून आणलेला निरोप, मी ‘डो’ म्हटलं की विषय संपला.

मी आता दौंडच्या कोर्टात टायपिस्ट आहे, निवृत्तीला फार वर्षं राहिली नाहीत. आजवर किती पंचनामे आणि किती जबाब टाइप केले त्याला गणती नाही. मयत आढळून आला, कुलूप तोडण्यात आले, जमाव जमला. माझा हात फार जलद चालतो. नवीन मुली विचारतात, ताई, एवढं जलद कसं जमतं? मी काय सांगणार? लहानपणीच सवय लागली, असं सांगते, आणि ते खोटं नाही.

त्या दिवशी माल पाठवायची घाई होती. पाळी सुरू होताना सुपरवायझर भगवानराव स्वतः आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं आप्पांच्या मशीनचं डावीकडचं बटण पट्टीनं बांधलं. आप्पा नको म्हणाले. भगवानराव म्हणाले, ‘‘सदा, आजचा दिवस काढ. उद्या सोड.’’ रामाशीष शेजारी उभा होता, त्यानं पाहिलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी पत्रा अडकला, तो ओढायला उजवा हात आत गेला, आणि डाव्या कोपराचा धक्का मोकळ्या उजव्या बटणाला लागला की काय झालं ते आप्पांनाही सांगता आलं नाही, प्रेस खाली आला. अंगठ्याशेजारची तीन बोटं गेली. शिरूरच्या दवाखान्यात मी त्यांना पाहिलं तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांचा एक गोळा छातीवर ठेवून ते छताकडं बघत होते. मला पाहिल्यावर मराठीत काही बोलले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, गुर-बट-भगवान-आप-डो. बांधलं, बटण, भगवाननं, आपणहून, मी डोळ्यांनी पाहिलं. मी खाटेचा गज धरून उभी होते. रडू येत होतं, आणि लाज वाटते सांगायला, पण मनात असंही आलं की शब्द काय सुंदर जमलाय.

कंपनीत चौकशी बसणार होती. बटण आप्पांनीच बांधलं असं ठरलं तर नोकरी जाणार, आणि वर कपाळावर शिक्का, की स्वतःच्या हलगर्जीपणानं हात घालवला. भगवानरावांनी बांधलं असं ठरलं तर आप्पांना ठेवून घ्यावं लागणार, दुसरं काही काम देऊन का होईना. रामाशीष घरी आला, आप्पांच्या उशाशी बसला आणि म्हणाला, ‘‘भैया, हम बोल देंगे. जो देखे हैं सो बोल देंगे.’’ तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला कुलूप होतं. गावी गेला, असं कुणी म्हणालं. त्याला गावी पाठवलं, असंही कुणी म्हणालं. दोन्हींच्या मागं लावायला माझ्याकडं ‘का’च होता. म्हणजे आता राहिला फक्त आप्पांचा लेखी जबाब. उजवा हात असा, आणि डाव्या हातानं त्यांना लिहिता येत नव्हतं. वर्गात माझं अक्षर सर्वांत चांगलं होतं. ‘‘सुजा लिवंल,’’ आप्पा म्हणाले, ‘‘माझा हातच हाय ती आता.’’

आता हे सांगायला हवं की आमची चाळ भगवानरावांच्या थोरल्या भावाची होती. नळ त्यांचा, मागचं रान त्यांचं, गावातली सोसायटीही जवळपास त्यांचीच. खोली देताना त्यांनी आप्पांना आडनाव विचारलं होतं, आप्पांनी सांगितलं होतं, आणि मग ते ‘शेवटची खोली घ्या’ म्हणाले होते. त्यांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना वैनी म्हणायचो, चार वर्षांत आमच्या पायरीला पाय लावला नव्हता. आप्पा हाताची मलमपट्टी बदलायला शिरूरला गेले होते त्या सकाळी त्या आल्या. हातात झाकलेला डबा. त्यांची म्हैस व्याली होती. आईनं घाईघाईनं चटई टाकली. त्या बसल्या नाहीत, पण उंबऱ्याच्या आत आल्या. आईशी बारीक आवाजात काहीतरी बोलल्या आणि गेल्या. डब्यात खरवस होता, वेलदोडा घातलेला, अजून कोमट. मी दोन वड्या खाल्ल्या. मग आई माझ्याजवळ येऊन बसली.

‘‘जबाब तू लिवणार हाईस न्हवं?’’

‘‘हो.’’

‘‘सगळं लिव. नाव तेवढं लिवू नको.’’

‘‘कुणाचं?’’

‘‘कुणाचं म्हंजी? येड घेऊन पेडगावला जाऊ नको. वैनी म्हणल्या, नाव न्हाई आलं तर भगवानराव सोता सायबाशी बोलत्यात. गेटवर बसवतील ह्यास्नी. खुर्चीवर बसायचं काम, एका हाताचं. आन् नाव आलं तर...’’ तिनं पत्र्याकडं पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या नळाकडं. ‘‘त्यांच्याच खोलीत ऱ्हायचं आन् त्यांचंच नाव लिवायचं? ह्यास्नी सांगून उपेग न्हाई. तुला कळतंय म्हणून तुला सांगितलं.’’

तिचं काय चुकलं, हे मी आयुष्यभर शोधत आले आणि मला ते सापडलेलं नाही. घरात एक हात उरला होता आणि ती बाई पोट वाचवत होती. चूक माझी होती, कारण मला दोन भाषा येत होत्या आणि तिला एक. पण तेव्हा मी एवढाच विचार केला की खोली गेली तर शाळाही जाईल, आणि आठवीत पहिला नंबर यायची शक्यता होती. आईचा हुकूम होता हे खरं. भीती मात्र माझी स्वतःची होती, तिला कुणाच्या हुकमाची गरज पडली नाही.

दुपारी आप्पा आले. भिंतीला टेकून, डोळे मिटून त्यांनी जबाब सांगितला. आधी त्यांच्या भाषेत एकेक शब्द म्हणायचे, मग तो मराठीत सोडवून सांगायचे आणि मी लिहायचे. पट्टीपर्यंत आलो. ‘‘लिव,’’ ते म्हणाले, ‘‘सकाळी पाळी सुरू होताना सुपरवायझर भगवानराव यांनी सोताच्या हातानं बटण बांधलं. मी नको म्हणलो व्हतो.’’ मी लिहिलं, ‘सकाळी पाळी सुरू होताना बटण बांधलेले होते.’ मागं आई ज्वारी निवडत होती, तिचं सूप थांबलं आणि परत सुरू झालं. सगळं झाल्यावर आप्पा म्हणाले, ‘‘वाच.’’ मी वाचलं. कागदावर नव्हतं ते नाव मी वाचलं, मोठ्यानं, जिथं असायला हवं होतं नेमकं तिथं. कुठं अडखळले नाही. शाळेत वाचनातही माझा नंबर यायचा. मग आप्पांनी डोळे उघडले, आणि माझ्याकडं बघत, जरा हसत, म्हणाले, लिम-नाव-सि-हुमि. लिहिलंस, नाव, तू, माझ्या हुकमावरून. आणि थांबले.

मला अजून आठवतं, त्या वेळी प्रेस बंद असावेत, कारण कुठूनच आवाज येत नव्हता. आई पाठमोरी होती. मला नुसतं गप्प बसता आलं असतं. डबा लागला नसता, गाडी उभी राहिली असती, आणि त्यांनी कागद हातात घेऊन वाचला असता. मी म्हणाले, ‘‘डो.’’

त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि न बघता डाव्या हातानं सही केली. पोराच्या अक्षरासारखी वेडीवाकडी सही. ती करायला त्यांना खूप वेळ लागला आणि झाल्यावर ते स्वतःवरच खूष झाले. आईनं चहा केला. त्या भाषेत तोवर कुणी खोटं बोललं नव्हतं. बोलणारी दोनच माणसं होती म्हणा, पण नव्हतं.

चौकशीला ते मला बरोबर घेऊन गेले. काही लिहायचं निघालं तर, म्हणून. काचेच्या दाराची खोली, आत गार हवा, लांब टेबल. मी दाराशी स्टुलावर बसले. पुण्याहून आलेले एक साहेब मधे, त्यांच्या बाजूला भगवानराव, नवीन पांढऱ्या शर्टात. साहेबांनी जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. ‘बटण बांधलेले होते’ हे वाक्य आलं आणि गेलं. आप्पा ऐकत राहिले. त्यांना वाटलं असावं की साहेबांच्या नजरेतून एक ओळ सुटली. ते म्हणाले, ‘‘साहेब, तिथं नाव हाय बघा.’’

‘‘कुठं?’’ साहेबांनी कागद त्यांच्यापुढं सरकवला.

आप्पांनी तो डाव्या हातानं धरला आणि वाचला. एकदा वाचला, मग त्या ओळीवर परत आले. मग माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं कसं होतं ते मी सांगू शकत नाही. रागाचं नव्हतं एवढं नक्की. राग असता तर बरं झालं असतं. स्टुलावरून उठून मी ओरडून सांगू शकले असते. मी खाली, फरशीवरच्या माझ्याच पायांकडं बघत होते.

‘‘भगवानरावांनी बांधलं व्हतं,’’ आप्पा म्हणाले.

‘‘मग लिहिलं का नाही? आता इथं बसल्यावर आठवलं का?’’ साहेब म्हणाले. ‘‘हा जबाब तुमचाच ना? सही तुमची?’’

‘‘व्हय.’’

‘‘तुम्ही सांगितलं तसाच लिहिलाय? की लिहिणाऱ्यानं फेरफार केला?’’

त्यांनी नुसती मान माझ्याकडं वळवली असती तरी झालं असतं. तेरा वर्षांची पोरगी, घाबरून चुकली. कदाचित साहेबांनी दुसरा कागद दिलाही असता. आप्पांनी कागद व्यवस्थित सरळ करून टेबलावर ठेवला. ‘‘मी सांगितला तसाच लिवलाय,’’ ते म्हणाले. भगवानरावांनी रुमालानं मान पुसली.

बाहेर आल्यावर नगर रोडच्या कडेला एका टपरीपाशी आम्ही गाडीची वाट बघत उभे राहिलो. आप्पांनी डाव्या हातानं खिसा चाचपला. मग म्हणाले, ‘‘चहा घेतीस का?’’ मराठीत. वर्षभरात चहाचं त्यांनी मला मराठीत कधी विचारलं नव्हतं. मी ‘मन’ म्हणायला तोंड उघडलं, आणि मग म्हणाले, ‘‘हो.’’ चहा फार गोड होता.

नोकरी गेली. गेटवरच्या खुर्चीवर भगवानरावांचा मेव्हणा बसला. वैनी त्यानंतर आल्या त्या खोली रिकामी करायचा निरोप घेऊन, आणि या वेळी त्या पायरीखालीच उभ्या राहिल्या. आम्ही दौंडला मामाकडं गेलो. आप्पांना स्टेशनबाहेर सायकल स्टँडवर काम मिळालं, डाव्या हातानं पावत्या फाडून द्यायचं. ते त्यांनी म्हातारे होईपर्यंत केलं. माझी शाळा बुडाली नाही. माझा पहिला नंबर आला. मला पेढा भरवताना आप्पा म्हणाले, ‘‘शाब्बास.’’ ते माझ्याशी नेहमी प्रेमानं बोलले, हे मला आवर्जून लिहायचं आहे. माझ्या लग्नात रडले, माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन यार्डातली गाडी दाखवली. फक्त मराठीत. वहीचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. अधूनमधून ते एकटे असताना त्यांचे ओठ हलताना मी पाहिले आहेत. जवळ गेले की थांबायचे.

आई आधी गेली, आणि तिनं तो विषय शेवटपर्यंत काढला नाही. आप्पा गेल्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळले. माझ्याकडून कधीतरी ऐकलेलं आठवून माझा मुलगा म्हणायचा, आई, आजोबांची ती भाषा मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव ना, कुणाला तरी उपयोग होईल. कुणाला होणार? ती बोलायला दोन माणसं लागतात. पण त्याच्या बोलण्यानं मनात आलं की निदान एक शब्द तरी त्यांना पोचता करायला हवा. चाळीसएक वर्षं तो मी आत जुळवत आले होते. हुकमाच्या जागी आईचा डबा लावायचा की माझा, इथं मी दर वेळी अडायचे. शेवटी आईला त्यातून सोडवलं.

एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. बाहेर मालगाडी चालली होती, मोठी, संपता संपत नव्हती. ती जाऊ दिली. मग चमचा वाटीत ठेवून मी म्हणाले, डो-आप-मि-नाव-लिम. उलटी गाडी, इंजिन मागं. डोळ्यांदेखत, आपणहून, मी, नाव, लिहिलं नाही. जिभेला सवय उरली नव्हती, पण एकही डबा गाळला नाही.

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत शब्द पोचलेला मला दिसला; गार्डाच्या डब्यापासून इंजिनापर्यंत त्यांनी तो एकेक करून जाऊ दिला. मग म्हणाले, ‘‘ती भाषा आता येत न्हाई बाय मला. मराठीत सांग.’’

मी वाटी खाली ठेवली. मराठीत सांगायला काय लागतं? पाच शब्द. रोज हजारो टाइप करते.

‘‘आप्पा,’’ मी म्हणाले, ‘‘त्या जबाबात... नाव राहून गेलं होतं.’’

‘‘व्हय,’’ आप्पा म्हणाले, ‘‘ऱ्हाऊन जातं,’’ आणि उरलेल्या पेजेसाठी त्यांनी तोंड उघडलं.